अंबिकातनयदत्त : दोन भाषांच्या उंबरठ्यावरचा कवी

आमच्या नियतकालिकाचे दोन विभाग आहेत, एक मराठी आणि दुसरा कन्नड. मराठी विभाग वाचणारा बहुधा कन्नड पाने तशीच उलटतो, आणि कन्नड वाचकांचेही तसेच होत असावे. मुखपृष्ठ एक, संपादक मंडळ एक, पण मध्ये एक न दिसणारी भिंत. अशा अंकासाठी कुणाचे चरित्र लिहावे ह्याचा विचार करू लागलो तेव्हा एकच नाव डोळ्यांसमोर उभे राहिले. घरात मराठी बोलणारे, कविता कन्नडमध्ये लिहिणारे, आणि आयुष्यातली बारा वर्षे ह्याच सोलापूर शहरात अध्यापन करणारे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. कर्नाटकात त्यांना वरकवी म्हणतात, म्हणजे ज्याला कवित्वाचा वर लाभला आहे असा कवी. परंतु त्यांचे चरित्र वाचताना मला वराहून अधिक दिसले ते कष्ट. भाषा ही केवळ जन्माने मिळत नाही, तिच्यासाठी राबावे लागते, असे त्यांचे आयुष्य सांगते. त्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

बेंद्रे यांचा जन्म ३१ जानेवारी १८९६ रोजी धारवाड येथे झाला. घराणे चित्पावन, घरातली भाषा मराठी, वडील संस्कृतचे जाणकार. दत्तात्रेय लहान असतानाच वडील वारले आणि संसाराचा भार आईवर येऊन पडला. आईचे नाव अंबिका. आई आणि आजी ह्या दोन बायकांच्या सावलीत हा थोरला मुलगा वाढला. पुढे कवी म्हणून त्यांनी जे नाव घेतले त्यात वडिलांचे नाव नाही, आडनावही नाही. अंबिकातनयदत्त, म्हणजे अंबिकेचा मुलगा दत्त. चिकित्सक, विद्वान, भाषणे देणारा तो बेंद्रे. आणि आतून बोलणारा तो अंबिकातनयदत्त, असा भेद ते स्वतः करीत असत.

त्या काळी धारवाड मुंबई इलाख्यात होते. सुशिक्षितांमध्ये मराठीचे वजन मोठे होते. संगीत नाटक मंडळ्यांचे दौरे हुबळी-धारवाडपर्यंत होत. आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत आयुष्याच्या अखेरीस धारवाडच्या हायस्कुलात मराठी शिकवीत होते, आणि ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला. बेंद्रे तेव्हा नऊ वर्षांचे होते. ज्या गावात मराठीचा एक थोर शिक्षक-कवी वावरत होता, त्याच गावात मराठी घरातले एक मूल कन्नडचा शिक्षक-कवी होण्यासाठी वाढत होते, ह्या योगायोगाचे मला नेहमी नवल वाटते. घराचा उंबरठा ओलांडला की बाजारात, विहिरीवर, जत्रेत, भिक्षेकऱ्याच्या गाण्यात धारवाडी कन्नड ऐकू येई. पुस्तकी कन्नड नव्हे. ठसकेबाज, आखूड, तोंडात घोळणारी, विनोदाला आणि शिवीला सारखीच तयार असणारी बोली. ती त्या मुलाच्या कानांत साठत गेली.

उच्च शिक्षणासाठी बेंद्रे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात आले आणि १९१८ साली बी. ए. झाले. ते पुणे टिळकांचे होते. गणेशोत्सवातली व्याख्याने, मेळे, केसरीतले अग्रलेख, होमरूलची चळवळ ह्यांनी ते भारलेले होते. साहित्य ही केवळ एकांतात करावयाची गोष्ट नाही, ती चार माणसे जमवून करावयाची गोष्ट आहे, हा धडा तिथे मिळण्यासारखा होता. पदवी घेऊन ते धारवाडला परतले आणि व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक झाले. पगार बेताचा, घर खटल्याचे. १९१९ साली लक्ष्मीबाईंशी विवाह झाला.

१९२२ च्या सुमारास बेंद्रे यांच्याभोवती तरुणांचा एक मेळा जमू लागला. त्याचे नाव ‘गेळेयर गुंपु’, म्हणजे मित्रांचा गट. मराठीत पुण्याचे रविकिरण मंडळ स्थापन झाले ते १९२३ साली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश ही त्यातली नावे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. त्याच सुमारास धारवाडात हाच प्रयोग कन्नडमध्ये चालू होता, हे मात्र आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. गुंपुत शं. बा. जोशी यांच्यासारखे संशोधक होते, बेटगेरी कृष्णशर्मा होते, रं. श्री. मुगळी होते, नाटककार जी. बी. जोशी होते, आणि पुढे ज्ञानपीठ मिळविणारे विनायक कृष्ण गोकाक विद्यार्थिदशेत ह्याच मेळ्यात येऊन मिळाले. कविता वाचायची, तिच्यावर वाद घालायचा, निबंध सादर करायचे, नियतकालिके चालवायची, आणि खेड्यापाड्यांतल्या ओव्या-गाण्यांकडे विद्येचा विषय म्हणून पाहायचे, असा हा उद्योग. एकट्याने मोठे होण्यापेक्षा दहा जणांना लिहिते करणे हे बेंद्रे यांना अधिक मोलाचे वाटत असावे, असे ह्या यादीवरून दिसते.

१९२६ मध्ये ह्या मित्रांनी ‘नाडहब्ब’ सुरू केला. नाड म्हणजे आपला प्रदेश, हब्ब म्हणजे सण. नवरात्राच्या दिवसांत लोकांनी एकत्र यावे, भाषणे, कविता, गाणी, नाटके ऐकावीत आणि आपण एका भाषेची माणसे आहोत हे अनुभवावे, असा हेतू. कन्नड बोलणारी माणसे त्या वेळी मुंबई इलाखा, मद्रास इलाखा, निजामाचे राज्य, म्हैसूर संस्थान आणि कुर्ग अशी निरनिराळ्या अमलांत विखुरलेली होती. त्यांना जोडणारा धागा भाषेचाच होता. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव पाहिलेल्या माणसाला सणातून लोकजागृती कशी होते हे निराळे सांगावे लागले नसेल. नाडहब्ब गावोगाव पसरला. आज कर्नाटकात जे साहित्यिक उत्सव होतात त्यांच्या मुळाशी धारवाडच्या ह्या शिक्षकाची आणि त्याच्या मित्रांची पायपीट आहे.

कवी म्हणून बेंद्रे सर्वांसमोर आले ते १९२९ साली बेळगावच्या कन्नड साहित्य संमेलनात. अध्यक्ष होते मास्ती वेंकटेश अय्यंगार. तिथे बेंद्रे यांनी काळाला पक्ष्याचे रूप देणारी आपली कविता म्हणून दाखविली आणि सभा मंत्रमुग्ध झाली. तो पक्षी राज्ये उलथवितो, युगे मागे टाकतो, ग्रहताऱ्यांपर्यंत पंख पसरतो. आणि हे सारे सांगणारी भाषा मात्र आजीने नातवाला कोडे घालावे इतकी साधी. त्या सभेत म्हैसूरकडची विद्वान मंडळी होती. धारवाडकडची बोली गंभीर कवितेला पेलवेल की नाही अशी शंका ज्यांच्या मनात असेल त्यांची ती तिथल्या तिथे फिटली असावी. बेंद्रे यांची कविता ही कानांची कविता आहे. जात्यावरच्या ओव्या, लावण्या, दासांची पदे, शरणांची वचने ह्यांचे ताल तिच्यात आहेत. तिचे भाषांतर करायला बसलेला माणूस अर्थ उचलतो, पण नाद खालीच राहतो, अशी तक्रार पुष्कळ भाषांतरकारांनी केली आहे.

१९३२ साली ‘गरि’ हा संग्रह निघाला. गरि म्हणजे पीस. त्यातल्या ‘नरबलि’ ह्या कवितेत परकीय सत्तेला राजद्रोह दिसला. बेंद्रे यांना शिक्षा झाली आणि धारवाडजवळच्या मुगद ह्या खेड्यात त्यांना स्थानबद्ध ठेवण्यात आले. नोकरी गेली. पुढची कितीतरी वर्षे स्थिर उत्पन्न असे नव्हतेच. मधल्या काळात, १९३५ साली, त्यांनी एम. ए. केले, म्हणजे वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पोरेबाळे पदरी असताना. आपण पहिल्या वर्षीच विषय कठीण आहे म्हणून कुरकुरतो, तेव्हा ह्या गोष्टीची आठवण ठेवावी.

ह्याहून मोठे दुःख घरात होते. नऊ अपत्यांपैकी तीनच जगली. एक मूल गेल्यानंतर पत्नी आपल्याकडे कशी पाहते, तिच्या डोळ्यांतले पाणी डोळ्यांतच कसे थिजले आहे, आणि त्या नजरेला नजर देणे बापाला कसे अशक्य झाले आहे, ह्यावर त्यांनी एक कविता लिहिली. कन्नड माणसाच्या घराघरांत ती ठाऊक आहे. ‘सखीगीत’ ह्या दीर्घ काव्यात त्यांनी आपल्या संसाराची कहाणी सांगितली आहे. गोड आणि कडू दोन्ही एकाच ताटात वाढलेले. तक्रारीचा सूर नाही. संसारात जे दुःख वाट्याला येते ते आटवून रसिकाला मात्र रस द्यावा, अशी त्यांची धारणा होती, आणि ती त्यांनी पाळली.

१९४३ मध्ये शिमोगा येथील कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. त्याच वर्षी त्यांनी केलेला मेघदूताचा कन्नड अनुवाद प्रसिद्ध झाला. मान असा होता, पण पोटापाण्याची निश्चिती नव्हती. ती आली १९४४ साली, आणि ती दिली सोलापूरने. येथील डी. ए. व्ही. कॉलेजात ते कन्नडचे प्राध्यापक झाले आणि १९५६ पर्यंत येथेच राहिले.

सोलापूरला ते परके वाटण्याचे कारण नव्हते. हे गिरण्यांचे गाव. येथे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच चौकात ऐकू येतात. ज्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याला आपण दर संक्रांतीला जातो, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले वचनकार. त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. पंढरपूर हाकेच्या अंतरावर, आणि तिथल्या विठ्ठलाला ज्ञानदेवांनीच कानडा म्हटले आहे. लोकगीते गोळा करणाऱ्या मधुरचेन्न आणि त्यांच्या मित्रांचे हलसंगी हे गावही सीमेपलीकडे थोड्याच अंतरावर. मराठी घरातून आलेल्या कन्नड कवीने शिकवावे तर अशाच गावात. त्यांच्या व्याख्यानांविषयी एक गोष्ट सर्वत्र सांगितली जाते, ती अशी की ती घड्याळात बसत नसत. एका शब्दापासून निघावे, त्याच्या धातूपर्यंत जावे, तिथून वेदात, वेदातून एखाद्या लावणीत, आणि लावणीतून आकड्यांच्या गणितात. ऐकणाऱ्याला कधी वाट चुकल्यासारखे होई. पण शब्द ही जिवंत वस्तू आहे, ती उघडून पाहायची असते, ही सवय त्यातून लागे.

येथे मला थोडे माझ्याविषयी सांगावे लागते, कारण त्यावाचून बेंद्रे यांच्याकडे मी का वळलो हे कळणार नाही. माझे घर दादरा आणि नगर हवेलीतल्या सिल्वासाला आहे. वडील मूळचे अक्कलकोट तालुक्यातले. सूत कारखान्यात नोकरी लागली म्हणून तिकडे गेले. घरात आम्ही कन्नड बोलतो. मी शिकलो मराठी माध्यमाच्या शाळेत, आणि खेळलो गुजराती-हिंदीत. म्हणजे बेंद्रे यांचे जे होते त्याच्या बरोबर उलट माझे आहे : घर कन्नड, लेखणी मराठी. दोन-चार कविता मी लिहितो त्या मराठीत. त्या आईला वाचून दाखविल्या तर ती हसते, आणि छान आहे म्हणते, पण तिच्यापर्यंत काय पोचले हे मला समजत नाही. तेव्हा आपण आपल्या भाषेशी बेइमानी तर करीत नाही ना, हा प्रश्न माझ्यापुरता पुस्तकी नाही.

सिल्वासाविषयी आणखी एक सांगतो. तो मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पोर्तुगीजांकडे होता. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, आणि त्या लढ्यात मराठी संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखे कलावंत होते हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु तिथली मूळ माणसे वारली, कोकणा, धोडिया. माझ्या वर्गात बसणाऱ्या ह्या मुलांची घरची भाषा ना पुस्तकातली मराठी होती ना गुजराती. त्यांच्या लग्नात धवलेरी बाई रात्रभर गाणी म्हणे, तारप्याच्या सुरावर सारा पाडा नाचे. पण शाळेच्या दारात ती गाणी थबकत. ती कविता आहे असे त्यांना कुणी सांगितले नाही, आणि आम्हालाही नाही. बेंद्रे यांनी धारवाडच्या बोलीचे जे केले ते वाचल्यावर मला प्रथम आठवली ती ती मुले. बोलीला कविता पेलवत नाही असे नसते. तिच्याकडे कान देणारा शिक्षक असावा लागतो.

आता ज्या गोष्टीबद्दल आपल्यात थोडी कुजबुज असते तिच्याकडे वळतो. काही जण म्हणतात, बेंद्रे मराठी असून कर्नाटकच्या एकीकरणाचे झाले, मराठीला अंतरले. सीमाभागात वाढलेल्यांच्या मनात ही सल अधिक असते, आणि तिच्यामागे खरी दुःखे आहेत हेही मी नाकारीत नाही. परंतु बेंद्रे यांनी मराठी टाकली नव्हती. ते मराठीतही लिहीत. त्यांच्या ‘संवाद’ ह्या मराठी ग्रंथाला १९६५ साली केळकर पारितोषिक मिळाले. आणि ह्याची दुसरी बाजू पाहा. मराठी कथेला निराळेच वळण देणारे जी. ए. कुलकर्णी हे धारवाडातच राहिले, तिथल्याच महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकविले, आणि कन्नड गावात बसून आयुष्यभर मराठी लिहिले. धारवाडने त्यांना परके मानले नाही. एकाच गावाने एक मराठी घरातला माणूस कन्नडला दिला आणि एक लेखक मराठीसाठी सांभाळला. हिशेब मांडायचाच असेल तर कुणाचे कुणाकडे येणे निघते हे सांगणे कठीण आहे.

१९५६ साली बेंद्रे सोलापुरातून निवृत्त झाले. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि सोलापूर मुंबई राज्यात राहिले. बारा वर्षे ज्या दोन गावांमध्ये त्यांचे जाणे-येणे चालले ती आता दोन राज्यांत पडली. बेंद्रे धारवाडला परतले आणि तिथल्या आकाशवाणी केंद्राचे साहित्य सल्लागार झाले. साधनकेरी ह्या तळ्याकाठच्या भागात त्यांचे घर. तिथे माणसांचा राबता असे. ‘अरळु मरळु’ ह्या ग्रंथासाठी १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला. ह्या नावातली गंमत सांगण्यासारखी आहे. कन्नडमध्ये साठीनंतरच्या म्हातारचळाला अरळु मरळु म्हणतात. पण अरळु म्हणजे उमलणे आणि मरळु म्हणजे पुन्हा. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांना कवीने त्यांच्याच शब्दात पुन्हा उमलण्याचा अर्थ दाखवून दिला. १९६८ मध्ये पद्मश्री, १९७२ मध्ये गिरीश कार्नाड यांनी त्यांच्यावर केलेला माहितीपट, आणि १९७३ चे ज्ञानपीठ पारितोषिक. हे शेवटचे पारितोषिक ज्या ‘नाकु तंति’ संग्रहासाठी मिळाले तो १९६४ चा. नाकु तंति म्हणजे चार तारा. मी, तू, तो आणि ह्या तिघांतून कल्पनेने जन्मणारा चौथा, अशा चार तारांनी माणसाचे जीवन वाजते, असा त्याचा भाव समीक्षक सांगतात. वृद्धपणी तर आकड्यांचे त्यांना वेडच लागले होते. लोक चकित होत, कधी हसतही. त्यांना त्याची फिकीर नव्हती.

ऑक्टोबर १९८१ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. साधनकेरीतल्या त्यांच्या घराशेजारी आज बेंद्रे भवन उभे आहे, आणि ३१ जानेवारीला तिथे कवीचा जन्मदिवस साजरा होतो.

मला त्यांच्या एका कल्पनेने फार धीर दिला. आपण पाच मातांचे पुत्र आहोत असे ते मानीत : विश्वमाता, भूमाता, भारतमाता, भाषामाता आणि जन्म देणारी आई. ह्या यादीत एक आई दुसरीला हाकलून देत नाही. भाषामाता म्हणून त्यांनी कन्नड मांडली, आणि जन्मदात्री अंबिका तर मराठी बोलणारी. दोघी एका ओळीत बसल्या. त्यांच्या कन्नड कवितेवर स्वाक्षरी आहे ती ह्याच मराठी आईची. मग माझ्या मराठी कवितेवर माझ्या कन्नड आईचा हक्क का असू नये? फक्त त्या हक्काला पात्र होण्यासाठी जे कष्ट त्यांनी केले ते मलाही केले पाहिजेत. तिची भाषा लिहायला शिकले पाहिजे. तिला आठवणाऱ्या ओव्या उतरवून घेतल्या पाहिजेत. आणि शिक्षक होऊन सिल्वासाला परत गेलो, तर वर्गातल्या वारली मुलाला पहिल्याच दिवशी विचारले पाहिजे की तुझ्या पाड्यावर कोणते गाणे म्हणतात.

मित्रहो, एक सूचना करून हा लेख पुरा करतो. नवरात्राच्या एखाद्या संध्याकाळी आपण दोन्ही विभागांतल्या लिहिणाऱ्यांनी एकत्र बसावे. कन्नड विभागातल्या मित्रांनी आपली कविता आधी मोठ्याने म्हणावी आणि मग आम्हाला तिचा अर्थ सांगावा. आम्हीही तसेच करावे. खर्च चहाचा, तेवढा मी करीन. नाद आधी आणि अर्थ मागून, ह्या क्रमाने ऐकले तर परकी वाटणारी भाषाही कानाशी ओळख काढते. बेंद्रे यांचे स्मरण करण्याची ह्याहून चांगली रीत मला तरी सुचत नाही, आणि पुढच्या अंकात कन्नड पाने न वाचता उलटणारे थोडे कमी झाले तर तेही काही थोडके नव्हे.